गटाराच्या दोन पत्रं आधी : प्लिनी, ट्राजन आणि पाँटसमधले ख्रिस्ती

काळ्या समुद्राच्या काठावर अमास्ट्रिस नावाचं गाव होतं, आजचं तुर्कस्तानातलं अमासरा. गाव देखणं, मोठा लांबलचक रस्ता, आणि त्या रस्त्याच्या कडेने अख्ख्या लांबीभर एक नदी. नदी आपली म्हणायला, खरं तर उघडं गटार, दिसायला घाण आणि वासाने जीव नकोसा करणारं. प्रांताचा गव्हर्नर रोमला सम्राट ट्राजनला लिहितो की हे झाकायची परवानगी द्या, पैशाचं मी बघतो, आणि सम्राट उत्तर देतो की लोकांच्या तब्येतीला त्रास होत असेल तर झाकायलाच हवं. विषय संपला. हे त्या पत्रव्यवहारातलं ९८ नंबरचं पत्र आणि ९९ नंबरचं उत्तर.

त्याच गठ्ठ्यात दोन पत्रं आधी, ९६ नंबरला, ख्रिस्ती लोकांचं प्रकरण आहे. ख्रिस्ती लोकांशी प्रत्यक्ष गाठ पडलेल्या रोमन अधिकाऱ्याने स्वतः लिहिलेलं, आज आपल्या हातात असलेलं, सगळ्यात जुनं पत्र हेच. आपण आज ते धर्माच्या इतिहासातला मोठा टप्पा म्हणून वाचतो पण ते लिहिणाऱ्याच्या टेबलावर ती गटार, हमामखाना, पाण्याचे पाट यांच्यातलीच एक फाइल होती, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की ती तशी हाताळली गेली म्हणूनच पुढचं सगळं झालं.

आधी माणूस बघू. गव्हर्नर म्हणजे धाकटा प्लिनी. थोरला प्लिनी त्याचा मामा, इ.स. ७९ साली व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला तेव्हा जहाजं घेऊन तिकडे गेला तो परत आलाच नाही. तेव्हा हा १७ वर्षांचा, आणि डोंगर फुटत असताना पुस्तक उघडून टिपणं काढत बसला होता, हे त्याने स्वतःच नंतर लिहून ठेवलंय. म्हणजे कसला माणूस ते कळतंच. पुढे वकील झाला, वारसाहक्काच्या खटल्यांत नाव कमावलं, सरकारी खजिना सांभाळला, १०० साली कॉन्सल (रोममधलं मोठं सरकारी पद) झाला, आणि मधे टायबर नदीचे काठ आणि रोमची गटारं यांचा अधिकृत प्रमुखही होता, त्यामुळे अमास्ट्रिसच्या वासावर तो इतक्या अधिकारवाणीने बोलतो यात नवल नाही. क्रूर वगैरे नव्हता. व्यवस्थित, थोडा स्वतःवर खूश, वरिष्ठांना विचारून पाऊल टाकणारा.

बिथिनिया-पाँटस हा प्रांत मात्र बिघडलेला होता. म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा वायव्य कोपरा आणि तिथून काळ्या समुद्राच्या काठाकाठाने पूर्वेला जाणारी पट्टी. इथल्या दोन माजी गव्हर्नरांवर प्रांतातल्याच लोकांनी भ्रष्टाचाराचे खटले भरले होते, आणि गंमत म्हणजे दोघांचंही वकीलपत्र प्लिनीनेच घेतलं होतं. म्हणजे प्रांताची अंडीपिल्ली त्याला आधीच माहीत. एरवी इथला गव्हर्नर सिनेटमधून चिठ्ठी टाकून ठरायचा, ट्राजनने ते बाजूला ठेवून साधारण १११ च्या आसपास आपला खास माणूस पाठवला, काम काय तर हिशोब तपासणं. आणि हिशोब कसले होते बघा. निकियात नाट्यगृह बांधायला घेतलेलं, एक कोटी सेस्टर्सच्या (रोमन नाणं) वर खर्च झालेला, काम अर्धवट आणि भिंतींना भेगा पडून बांधकाम खचतंय. निकोमीडियात पाणी आणायच्या योजनेवर ३३ लाख १८ हजार घातले आणि काम सोडून दिलं, मग दुसरी योजना, तिच्यावर आणखी २ लाख, तीही सोडली. पाणी नाहीच. (वाचताना ओळखीचं वाटलं तर तो माझा दोष नाही.)

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा कारण पुढे सगळं तिच्यावर फिरतं. प्लिनी आला तेव्हा ट्राजनच्या सूचनेप्रमाणे त्याने ऑर्डर काढली की मंडळं, संघटना, क्लब असलं काही चालणार नाही. या शहरांमधे गटबाजी फार, चार माणसं एकत्र जेवायला बसली की उठताना पार्टी झालेली असायची. बंदी किती कडक, तर निकोमीडियात मोठी आग लागली, घरं गेली, दोन मोठ्या इमारती गेल्या, लोक नुसते बघत उभे, गावात ना पंप ना बादली. प्लिनीने विचारलं की आग विझवायला कारागिरांचं एक मंडळ काढू का, फक्त १५० जण, मी स्वतः लक्ष ठेवतो. ट्राजन म्हणाला नको. नाव काहीही द्या, कारण काहीही सांगा, एकत्र आलेल्या लोकांचं थोड्याच दिवसात राजकारण होतं. सामान घेऊन ठेवा, घरमालकांना सांगा, गर्दी जमेल तिचीच मदत घ्या. गाव जळालं तरी चालेल पण कमिटी नको, असाच त्याचा अर्थ.

अशा ठिकाणी काही लोक ठरलेल्या दिवशी पहाटे उजाडायच्या आत एकत्र जमत होते.

प्रकरण प्लिनीपुढे आलं ते साधारण ११२ च्या सुमाराला, दौऱ्यावर असताना, बहुतेक पाँटसच्या बाजूला, कारण आगेमागची पत्रं अमिसस आणि अमास्ट्रिस या तिकडच्या गावांची आहेत. कोणीतरी तक्रार केली की अमुक अमुक माणूस ख्रिस्ती आहे. तक्रारदार कोण ते पत्रात नाही. प्लिनी सुरुवातीलाच कबूल करतो की ख्रिस्ती लोकांच्या चौकशीला मी कधी हजर नव्हतो, त्यामुळे यात शिक्षा नक्की कशाची करतात आणि कुठवर करतात हे मला ठाऊक नाही. म्हणजे बघा, एवढा अनुभवी वकील, आणि त्याला कायद्याचं कलम सापडत नाहीये. कलम नव्हतंच बहुतेक. ६४ साली रोमला आग लागली तेव्हा नीरोने ख्रिस्ती लोकांना पकडून मारलं होतं, ती हकीकत पुढे ज्याने लिहिली तो टॅसिटस प्लिनीचा चांगला मित्र, पण ते शहरापुरतं आणि त्या वेळेपुरतं होतं, देशभर लागू असा काही हुकूम प्लिनी कुठेच दाखवत नाही. त्याच्या हातात होता तो गव्हर्नरचा सरसकट अधिकार, प्रांतात शांतता राखायला जे योग्य वाटेल ते कर.

मग त्याने प्रोसिजर स्वतःच बसवली. समोर आणलेल्या माणसाला विचारायचं, तू ख्रिस्ती आहेस का. हो म्हणाला तर शिक्षेची धमकी देऊन दुसऱ्यांदा विचारायचं. परत हो म्हणाला तर तिसऱ्यांदा. तरीही हो, तर घेऊन जा. 'घेऊन जा' याचा अर्थ मृत्युदंड. जे रोमन नागरिक होते त्यांची नावं वेगळी लिहून त्यांना रोमला पाठवायचं. किती जण मेले याचा आकडा तो देत नाही, हे मला त्या पत्रातलं सगळ्यात थंड वाक्य वाटतं, कारण नाट्यगृहाचा खर्च त्याला शेवटच्या सेस्टर्सपर्यंत हवा असतो. कारण काय देतो तर म्हणे हे लोक कबूल करतायत ते काहीही असो, निदान हा हट्टीपणा आणि न वाकणारा ताठा तरी शिक्षेच्या लायकीचा आहेच. म्हणजे गुन्हा काय ते नंतर बघू, साहेबाने तीनदा विचारल्यावरही ऐकलं नाही हाच गुन्हा.

इथवर त्याला काही अडचण नव्हती. अडचण पुढे आली. कुठल्याही गावात होतं तसंच झालं, एक केस उभी राहिली म्हटल्यावर तक्रारींचा पाऊस पडला, आणि मग एक निनावी यादी लागली, खाली सही नाही, आत भरपूर नावं. प्लिनीने ती यादी बाजूला टाकली नाही, तिच्यावरून लोकांना बोलावलं. यातले बरेच जण म्हणाले आम्ही ख्रिस्ती नाही आणि कधी नव्हतो. मग हे सिद्ध कसं करायचं? त्याने कोर्टात देवांच्या मूर्ती आणि ट्राजनची प्रतिमा आणवली, आणि त्या माणसांकडून पाठोपाठ मंत्र म्हणवून घेतला, प्रतिमेपुढे धूप घालायला लावला, दारू वाहायला लावली आणि शेवटी ख्रिस्ताला शिव्याशाप द्यायला लावले. त्याने ऐकलं होतं की खरे ख्रिस्ती यातलं काहीही मेलं तरी करत नाहीत. परीक्षा अगदी बेतून तयार केलेली. जे पास झाले ते घरी गेले.

तिसरा गट सगळ्यात महत्त्वाचा. हे लोक म्हणाले, होतो, पण आता नाही. कोणी तीन वर्षांपूर्वी सोडलं, कोणी त्याच्याही आधी, एखाद्याने तर वीसेक वर्षांपूर्वी. यांचं काय करायचं? आणि यांच्याच तोंडून प्लिनीला (आणि आपल्याला) आत काय चालायचं ते कळतं. ठरलेल्या दिवशी पहाटे जमायचं, ख्रिस्त हा देव आहे असं धरून आळीपाळीने स्तोत्र म्हणायचं, आणि शपथ घ्यायची. शपथ कसली तर चोरी करणार नाही, दरोडा घालणार नाही, व्यभिचार करणार नाही, शब्द मोडणार नाही, आणि कोणी ठेवायला दिलेली रक्कम परत मागितली तर नाही म्हणणार नाही. मग घरी जायचं, नंतर परत जेवायला जमायचं, जेवण साधं आणि निरुपद्रवी. आणि हे जेवणसुद्धा साहेबांची संघटनाबंदीची ऑर्डर आल्यावर आम्ही बंद केलं.

ठेव परत करायची शपथ वाचून मला दर वेळी थांबायला होतं. हे बंदरांचं जग, काळ्या समुद्रावरचे व्यापारी, खलाशी, सुटलेले गुलाम, कोणाचे पैसे कोणाकडे ठेवलेले, बँक म्हणजे ओळखीचा माणूस. अशा ठिकाणी 'आमच्यातला माणूस ठेव बुडवत नाही' ही ख्याती किती कामाची असेल विचार करा. धर्म प्रवचनाने पसरला असेलच, पण माझ्या मते तो अशा गोष्टींनी जास्त पसरला, उधारी, ठेव, जेवणाचं ताट, आजारपण. याच पाँटसमधल्या सिनोप बंदराचा मार्सियन पुढे रोमला गेला आणि तिथल्या ख्रिस्ती मंडळींना २ लाख सेस्टर्स देणगी दिली, मतभेद झाले तेव्हा १४४ च्या सुमारास त्यांनी त्याचे पैसे त्याला परत केले. निकोमीडियाच्या दुसऱ्या पाणीयोजनेत बुडाले होते तेवढेच पैसे, बरोब्बर २ लाख, फक्त हे परत मिळाले.

बरं, प्लिनीला हे सगळं इतकं साधं निघेल असं वाटलं नव्हतं, त्याला कट शोधायचा होता. म्हणून त्याने दोन गुलाम बायकांना धरलं. त्या गटात त्यांना 'सेविका' म्हणायचे, म्हणजे काहीतरी पद होतं त्यांना. रोमन कायद्यात गुलामाची साक्ष छळ करूनच घ्यायची, नाहीतर ती साक्षच नाही. तर त्याने त्यांचा छळ करवला आणि मग सम्राटाला लिहिलं की विकृत आणि हाताबाहेर गेलेल्या अंधश्रद्धेपलीकडे काही सापडलं नाही. दीड ओळ. बाहेर मालकाच्या घरात कोणाच्याही हुकमाच्या आणि पहाटेच्या त्या बैठकीत पद सांभाळणाऱ्या, हे दोन्ही एकाच वेळी खरं होतं, आणि ते त्या पत्रात लिहिणाऱ्याच्या नकळत आलंय. त्यांची नावं नाहीत. त्या काय बोलल्या तेही नाही. पुढे काय झालं तेही नाही.

यानंतर प्लिनीने चौकशी थांबवली आणि पत्र लिहायला घेतलं. विचारतो काय, तर लहान वयाच्यांना वेगळी वागणूक द्यायची का, पश्चात्ताप झालेल्यांना माफी आहे का, आणि नुसतं नाव हाच गुन्हा धरायचा की त्या नावाला चिकटलेले गुन्हे सिद्ध व्हायला हवेत. शेवटचा प्रश्न खरा वकिलाचा प्रश्न आहे, फक्त तो माणसं मारून झाल्यावर पडलाय.

घाबरण्याचं कारण तो सांगतो, संख्या. सगळ्या वयाचे, सगळ्या थरांतले, बायका आणि पुरुष दोन्ही, आणि नुसत्या शहरांत नाही तर खेड्यांत आणि शेतावाडीतही हा 'संसर्ग' पोचलाय. देवळं ओस पडत चालली होती, विधी बंद पडले होते. पण आता सुधारतंय म्हणे, देवळात परत वर्दळ आहे, आणि बळीच्या मटणाला परत गिऱ्हाईक आलंय, जे मधे जवळपास मिळतच नव्हतं. (लॅटिन प्रतीत इथे एक शब्द गडबडलाय, काही जण मटण वाचतात, काही बळीच्या जनावरांचा चारा. कसंही वाचा, कोणाचा तरी धंदा बसला होता.) देवळात बळी दिला की त्याचं मटण बाजारात यायचं, आणि ते खावं की नाही यावर ख्रिस्ती धर्मप्रचारक पॉलने पन्नास-साठ वर्षांपूर्वीच कॉरिंथच्या लोकांना लांबलचक लिहिलेलं आहे, म्हणजे ख्रिस्ती घरांत हा रोजच्या स्वयंपाकाचा प्रश्न होता. पहिली तक्रार कोणाची हे पत्र सांगत नाही पण माझा संशय इथेच जातो, देवाचा अपमान सहन न झालेल्या भक्तापेक्षा दुकान रिकामं पडलेला माणूस कोर्टाची पायरी लवकर चढतो. अर्थात प्लिनीचं 'ओस पडलेली देवळं' हे थोडं वाढवूनही लिहिलेलं असणार, रोग मोठा होता आणि माझ्या औषधाने उतरतोय असं दाखवायला कुठल्या अधिकाऱ्याला आवडत नाही.

ट्राजनचं उत्तर जेमतेम काही ओळींचं. 'माझ्या सेकुंदुस' (हे प्लिनीचंच नाव) अशी प्रेमाने सुरुवात, तू केलंस ते बरोबर केलंस. सगळ्यांना लागू पडेल असा एक ठरीव नियम करता येणार नाही. त्यांना शोधत फिरायचं नाही. कोणी रीतसर तक्रार केली आणि सिद्ध झालं तर शिक्षा. पण जो म्हणेल मी ख्रिस्ती नाही आणि आपल्या देवांची पूजा करून ते दाखवेल त्याला माफी, मागे कितीही संशय असला तरी. आणि निनावी कागदांना कुठल्याच खटल्यात थारा द्यायचा नाही, तो फार वाईट पायंडा आहे आणि आपल्या काळाला शोभत नाही.

काय काय गाळलंय ते बघण्यासारखं आहे. वयाच्या प्रश्नाला उत्तर नाही. नाव हाच गुन्हा की कृत्य, त्यावर सरळ काही नाही, पण नुसतं नाकारून पूजा केली की सुटका म्हटल्यावर गुन्हा नावाचाच झाला, कारण चोर 'मी आता चोर नाही' म्हणाला म्हणून कोणी सोडत नाही. छळाबद्दल अवाक्षर नाही. आणि प्लिनीने हौसेने कोर्टात आणवलेल्या सम्राटाच्या प्रतिमेचा उल्लेखच नाही, ट्राजन म्हणतो आपले देव, बस. हाताखालच्या माणसाचा अतिउत्साह असा न बोलता बाजूला सारणं ही पण एक कला आहे.

या उत्तरातला घोळ ८०-८५ वर्षांनी कार्थेजच्या टर्टुलियनने बरोबर पकडला, तो स्वतः ख्रिस्ती आणि डोकं वकिली. १९७ च्या सुमारास त्याने लिहिलं की हा काय निकाल, शोधू नका म्हणता म्हणजे निर्दोष, शिक्षा करा म्हणता म्हणजे दोषी, दोन्ही एकदम कसं? तर्काने तो शंभर टक्के बरोबर आहे. पण प्रशासन तर्कावर चालत नाही. ट्राजनला दोन गोष्टी नको होत्या, गव्हर्नरने घरोघरी झडत्या घेत फिरणं आणि निनावी चिठ्ठ्यांचं राज्य परत येणं. त्याच्या आधी सम्राट डोमिशियनच्या काळात खबऱ्यांनी सिनेटर लोकांना जगू दिलं नव्हतं, ती भीती ताजी होती, 'आपल्या काळाला शोभत नाही' हा टोमणा तिकडे आहे.

आता याचा परिणाम जमिनीवर काय? ख्रिस्ती असणं मरणाचा गुन्हा राहिलाच, पण तो चालू करायला कोणीतरी शेजारी स्वतःच्या नावाने, तोंड दाखवून, गव्हर्नरपुढे उभा राहायला हवा. गव्हर्नर वर्षातून कधीतरी फिरत येणार. तक्रार खोटी ठरली तर उलट तक्रारदारावर बालंट. ट्राजननंतरच्या हेड्रियनने १२२-१२३ च्या सुमारास आशिया प्रांताच्या गव्हर्नरला हेच आणखी स्पष्ट करून लिहिलं, नुसत्या जमावाच्या आरडाओरड्यावर जाऊ नका आणि खोट्या तक्रारदाराला सोडू नका. तर शिक्षा भयंकर आणि तक्रार महाग, अशी ती व्यवस्था झाली. ज्या गावात कोणाशी वाकडं नाही तिथे पहाटेच्या बैठका वर्षानुवर्षं चालल्या, जिथे भूकंप, साथ, नाहीतर भांडण झालं तिथे अचानक माणसं मेली. छळ होता पण ठिकठिकाणचा, तुटक. आणि सोडून गेलेल्याला माफी असल्याने घाबरून गेलेला माणूस जिवंत राहिला, परत येऊ शकला, आणि चर्चला पुढे खरा डोकेदुखीचा प्रश्न हाच झाला की परत येणाऱ्यांना घ्यायचं कसं.

सरकारने स्वतःहून सगळ्यांना तपासायचं ठरवलं ते थेट २५० च्या सुमाराला, सम्राट डेशियसने. साम्राज्यातल्या प्रत्येकाने बळी द्यायचा आणि सर्टिफिकेट घ्यायचं. इजिप्तच्या वाळूत अशी सर्टिफिकेटं डझनावारी सापडलीत, त्यावर लिहिलेलं असतं की मी कायम देवांची पूजा करत आलोय आणि आत्ता तुमच्यासमोर बळीचं मटण चाखलं. परत मटण. पण तोवर १४० वर्षं गेली होती आणि शेतावाडीत पोचलेली गोष्ट आता सैन्यात आणि दरबारात पोचलेली होती. ३०३ साली डायोक्लेशियनने सगळ्यात मोठा छळ सुरू केला तो निकोमीडियातच, राजवाड्यातून दिसणारं चर्च पाडून. ज्या गावात आग विझवायला १५० माणसांचं मंडळ मिळालं नाही तिथे राजवाड्यासमोर चर्च उभं होतं.

प्लिनी बहुधा त्या प्रांतातच वारला, पत्रं मधेच थांबतात. शेवटचं पत्र ख्रिस्ती लोकांबद्दल नाही, गटाराबद्दलही नाही. सरकारी टपालाच्या घोडागाड्या वापरायला पास लागायचा आणि त्या पासांच्या बाबतीत प्लिनी अतिशय काटेकोर होता, मुदत संपलेला पास चालेल का हेसुद्धा त्याने एकदा रोमला विचारलं होतं. पण बायको कालपुर्नियाचे आजोबा गेले आणि तिला आत्याकडे लवकर पोचायचं होतं म्हणून त्याने तिला पास देऊन टाकला, आणि मग अपराधी वाटून सम्राटाला कळवलं. ट्राजन म्हणाला बरोबर केलंस.

३२५ साली सम्राट कॉन्स्टंटाइनने बिशपांची मोठी परिषद बोलावली ती याच प्रांतात, निकियात, त्या भेगा पडलेल्या नाट्यगृहाच्या गावात. लांबलांबून येणाऱ्या बिशपांना यायला सरकारी टपालाच्या गाड्या दिल्या होत्या.